तेवीस ट्रॅक, एक धून : घरी रचलेल्या वाद्यसंगीताच्या एका प्रकरणाचा अभ्यास

प्रस्तुत प्रकरण एका हौशी गिटारवादक स्त्रीचे आहे. नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वेळात त्या घरातल्या एका खोलीत स्वतःच्या शब्दविरहित रचना बांधतात आणि ध्वनिमुद्रित करतात. वादनात त्यांचा हात तयार आहे, सुरा-तालाची जाण पक्की आहे आणि सामग्रीही या छंदाला पुरून उरेल अशी आहे : स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारे यंत्र), एक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा, कंडेन्सर माइक, संगणकातली वाद्ये वाजवण्यासाठी ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड, छोट्या स्पीकरांची जोडी, बंद कपांचा हेडफोन आणि लॅपटॉपवरचे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर. तरीही अर्धवट रचनांचा त्यांचा फोल्डर फुगत चालला होता आणि पूर्ण म्हणावी अशी एकही रचना त्यात नव्हती. त्यातल्या त्यात पुढे गेलेल्या एका रचनेचे मुद्रण त्यांनी मला ऐकवले आणि विचारले, की आवाज मोकळा होत नाही, गढूळ वाटतो, तर आता कोणता माइक घ्यावा आणि भिंतींना फोम किती लावावा.

तक्रार खरी होती आणि कानांनी टिपलेली लक्षणेही बरोबर होती. परंतु त्यांचे मूळ ज्या ठिकाणी शोधले जात होते तिथे ते फार थोड्या अंशाने होते. घरी संगीत करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला ही अवस्था कधी ना कधी येते, म्हणून हे प्रकरण तपशिलाने नोंदवत आहे.

रचनेची मूळ अवस्था

रचना डी मायनरमध्ये (म्हणजे डी हा सा धरून), मिनिटाला ८४ मात्रांच्या लयीत, चार मात्रांच्या बारांत बांधलेली होती. तिचा गाभा म्हणजे आठ बारांची एक धून. आठ बार म्हणजे ३२ मात्रा, आणि या लयीत त्याचे जेमतेम २३ सेकंद होतात. हा तुकडा सॉफ्टवेअरमध्ये लूप म्हणून बारा वेळा फिरवलेला होता, त्यामुळे रचनेची लांबी साडेचार मिनिटांच्या घरात जात होती. प्रत्येक फेरीला काहीतरी नवे दाखल व्हायचे. आधी साथीची गिटार, मग पियानो, मग पॅडचा पसरट आवाज, मग चेलो, मग तालवाद्ये, मग धुनेचीच दुसऱ्यांदा वाजवलेली नक्कल. शेवटच्या फेरीपर्यंत ट्रॅकांची, म्हणजे एकमेकांवर रचलेल्या स्वतंत्र मुद्रणांची, संख्या २३ झाली होती, आणि त्यानंतर सगळा आवाज हळूहळू कमी होत रचना विरून जात असे.

सॉफ्टवेअरमधली मांडणी उघडून पाहिली तेव्हा एक गोष्ट लगेच नजरेत भरली. जवळजवळ प्रत्येक ट्रॅकवर इक्वलायझर (आवाजातला हवा तो पट्टा कमी-जास्त करणारे साधन) होता आणि जवळजवळ प्रत्येक इक्वलायझरमध्ये २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात खड्डा पाडलेला होता. एखाद्या ट्रॅकला त्या जागी कापावे लागले तर तो दोष त्या ट्रॅकचा किंवा माइकच्या जागेचा असू शकतो; पण जिथे प्रत्येकालाच एकाच जागी कापावे लागते तिथे त्या जागेत गर्दी झालेली असते, आणि ती गर्दी मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याच्या, कितीतरी आधी, कोणते वाद्य कोणत्या सप्तकात वाजवायचे हे ठरताना किंवा न ठरताना होऊन गेलेली असते.

गर्दी मोजणे अवघड नव्हते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, तिच्याखालची, म्हणजे पाचवी, ११० हर्ट्झची आणि सर्वांत पातळ तार सुमारे ३३० हर्ट्झची. पियानोचा मधला सी २६२ हर्ट्झचा. साथीची गिटार सहाही तारांवर पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) छेडत होती, पियानोचा डावा हात त्याच कॉर्ड मधल्या सीच्या आसपास धरून बसला होता, पॅडही तिथेच पसरले होते, चेलोला दिलेली संथ सुरावट २०० च्या पुढे होती, आणि ज्या धुनेसाठी हा सारा खटाटोप तीसुद्धा २२० ते ४४० हर्ट्झच्या दरम्यान फिरत होती. एकाच पट्ट्यातला बलवान आवाज शेजारच्या दुबळ्या आवाजाला झाकून टाकतो, हा श्रवणाचा स्वभाव आहे. चांगल्या माइकने तो बदलत नाही. उलट चांगला माइक त्या पट्ट्यातला ऐवज अधिकच इमानाने टिपतो.

मी सुचवलेली पहिली गोष्ट अगदी साधी होती : धुनेची गिटार आणि बेस हे दोनच ट्रॅक चालू ठेवून बाकी सगळे बंद करावेत. तसे केल्यावर जो आवाज आला त्याला गढूळ म्हणणे कोणालाही शक्य नव्हते. तोच माइक, तीच खोली, तेच मुद्रण. माइकच्या खरेदीचा प्रश्न तिथे निकालात निघाला, निदान माझ्यापुरता; वादकांची खात्री पटायला आणखी थोडा वेळ लागला.

थर का वाढले

ट्रॅक कमी करा, हा सल्ला देणे सोपे आहे. तो पाळला जात नाही, कारण ट्रॅक हौसेने वाढलेले नसतात, गरजेपोटी वाढलेले असतात. या रचनेतली गरज कोणती होती हे समजून घेतल्याशिवाय ट्रॅक पुसणे म्हणजे तेच थर पुन्हा चढण्याची वाट पाहणे ठरले असते.

शब्द असलेल्या गाण्यात एकच चाल तीनदा आली तरी ऐकणाऱ्याला ती तीच वाटत नाही, कारण दुसऱ्या कडव्यात शब्द बदललेले असतात, अर्थ पुढे सरकलेला असतो आणि गाणाऱ्याच्या गळ्यातून प्रत्येक ओळीचा भावही वेगळा उमटतो. वाद्यसंगीतात हा आधार नाही. तिथे पुनरावृत्ती उघडी पडते. तेवीस सेकंदांची धून तिसऱ्यांदा सुरू झाली की कान तिच्याकडे पाठ फिरवू लागतात, आणि रचणाऱ्याला ते सर्वांत आधी जाणवते, कारण त्याने ती शेकडो वेळा ऐकलेली असते. मग तो करणार काय? सॉफ्टवेअर समोर उघडे असते, लूप फिरत असतो, आणि नवे वाद्य घालणे हे दोन क्लिकचे काम असते, तर धुनेला पुढे नेणारा दुसरा भाग सुचवणे हे एखाद्या संध्याकाळी जमेल किंवा जमणारही नाही असे काम असते. म्हणून वाद्य घातले जाते. घटकाभर रचना ताजी वाटते. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

या प्रकरणात २३ ट्रॅकांपैकी बहुतेकांचा जन्म असा झाला होता. रचनेला अंतरा नव्हता, मधला भाग नव्हता आणि शेवटही नव्हता. त्यांची जागा थरांनी भरून काढली होती. आवाज विरत नेऊन केलेला शेवट हाही त्याच उणिवेचा भाग होता, कारण लूपला शेवट नसतो, तो फक्त बंद करता येतो. विरत जाणारा शेवट मुळातच वाईट असतो असे मी म्हणत नाही. तो निवडलेला असला पाहिजे, पळवाट म्हणून आलेला नसावा, इतकेच.

थोडक्यात, आवाजाचा गढूळपणा हे रचनेच्या अपुरेपणाचे फळ होते. हे निदान वादकांना फारसे रुचले नाही. आवाजाचा दोष यंत्रावर ढकलता येतो, रचनेचा ढकलता येत नाही, तेव्हा ते स्वाभाविकच होते.

खोलीचा वाटा

तरीही खोली अगदीच निर्दोष नव्हती, आणि तिचा दोष शोधणे हा या प्रकरणातला सर्वांत रंजक भाग ठरला. वादकांचे म्हणणे असे, की गिटारची पाचवी तार मोकळी छेडली की मुद्रणात ती इतरांपेक्षा फुगून येते. तार बदलून पाहिली होती, माइक बदलून आणून पाहिला होता. फरक पडला नव्हता.

खोली सुमारे ३.७ मीटर लांब आणि ३.१ मीटर रुंद होती. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला ११० ने भागले की ३.१ मीटर येतात. म्हणजे पाचव्या तारेच्या मूळ स्वराची तरंगलांबी आणि खोलीची रुंदी एकच होती. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अशी पूर्ण लांबीची लहर नेमकी बसली की ती तिथे उभी राहते. तिचा दाब दोन्ही भिंतींपाशी आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी सर्वाधिक असतो, तर रुंदीच्या पाव आणि पाऊण अंतरावर जवळजवळ शून्य असतो. वादकांची खुर्ची आणि माइक दोन्ही, भिंतींपासून दूर राहावे या चांगल्या हेतूने, अगदी मध्यभागी मांडलेले होते. त्यात गिटारच्या पोकळ पेटीतल्या हवेचा स्वतःचा अनुनादही साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि माइक ध्वनिछिद्राच्या समोर, एक वीत अंतरावर होता. कार्डिऑइड माइक वाद्याच्या फार जवळ गेला की खर्ज वाढवून दाखवतो. तीन कारणे एकाच स्वरावर येऊन मिळाली होती.

खुर्ची आणि माइक बाजूच्या भिंतीपासून सुमारे ७८ सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या पाव अंतरावर आणले. माइक ध्वनिछिद्रासमोरून काढून, गिटारची मान जिथे पेटीला मिळते त्या जागेकडे रोखला आणि अंतर सुमारे ३० सेंटिमीटर ठेवले. जवळच्या भिंतीवरून परतणारा तीव्र आवाज कमी व्हावा म्हणून तिथे एक जाड रजई टांगली. माइकची पाठ लॅपटॉपच्या पंख्याकडे केली, कारण कार्डिऑइड माइकला पाठीमागचे सर्वांत कमी ऐकू येते. पाचवी तार बाकीच्या तारांच्या रांगेत आली.

फोमचा प्रश्नही यातूनच सुटला. पाच सेंटिमीटर जाडीचा फोम टाळीचा किंवा पियानोच्या वरच्या पट्ट्यांचा परतलेला आवाज शोषू शकतो; तीन मीटर लांबीच्या लहरीला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. असा फोम सगळीकडे चिकटवला असता तर खोलीतला चकचकीतपणा गेला असता आणि फुगलेला खर्ज तसाच राहून आवाज अधिकच गढूळ झाला असता.

खोलीने आणखी एक घोळ केला होता आणि तो अधिक लपलेला होता. मिक्सिंग करतानाही वादक त्याच मध्यभागी बसून स्पीकरवर ऐकत असत. तिथे ११० हर्ट्झचा प्रत्येक स्वर फुगलेला ऐकू येई, म्हणून वादक बेसमध्ये आणि चेलोमध्ये तो पट्टा कापत असत. आणि मग दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी वाजवले की तीच रचना पोकळ वाटे. खर्जाचे निर्णय हेडफोनवर तपासून घेण्याचे ठरले. छोट्या खोलीत हा बऱ्यापैकी भरवशाचा मार्ग आहे.

कागदावर परतणे

मुख्य काम रचनेचे होते. त्यासाठी लॅपटॉप बंद ठेवून फक्त गिटारवर, धून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा सलग वाजवावी आणि मोबाइलवर मुद्रित करावी, एवढाच नियम ठरवला. ही कसोटी कठोर आहे. एकट्या गिटारवर जे तग धरत नाही ते वाद्यवृंदातही धरत नाही, असा माझा अनुभव आहे. अपवाद असतील, पण धुनेवर उभ्या असलेल्या संगीतात ते फार नाहीत.

या कसोटीत धुनेतलाच एक दोष उघड झाला. आठ बारांच्या धुनेचे दोन भाग पडत होते आणि दोन्ही भाग सा वर येऊन थांबत होते. पहिल्या चार बारांनंतरच वाक्य पूर्ण झाल्यासारखे वाटे, मग पुढचे चार बार त्याच वाक्याची पुनरुक्ती ठरत. वादकांनी पहिला भाग रे वर, ए मेजर कॉर्डच्या आधाराने, अधांतरी सोडला आणि दुसरा भाग कोमल ग वरून उतरत सा वर आणला. बदल एका स्वराचा. पण त्याने पहिल्या भागाला प्रश्नाचे आणि दुसऱ्याला उत्तराचे रूप आले आणि धून आठ बारांची असल्याचे प्रथमच जाणवले.

दुसरा भाग सुचायला मात्र वेळ लागला. तो शेवटी सापडला तो त्या अर्धवट रचनांच्या फोल्डरमध्येच. तिथे एफ मेजरमधला, अधिक जलद लयीतला एक तुकडा पडून होता. एफ मेजर आणि डी मायनर यांची स्वरमाला एकच असल्यामुळे तो तुकडा ८४ च्या लयीत आणल्यावर या रचनेत सहज बसला आणि तरीही त्याचा रंग वेगळा, उजळ होता. अर्धवट रचना टाकून देऊ नयेत, हे खरे. मात्र त्या प्रत्येकीची स्वतंत्र रचना व्हायलाच हवी हा हट्टही धरू नये.

मग कागदावर आराखडा झाला : चार बारांची सुरुवात, आठ बारांची धून, तीच आठ बार थोड्या फरकाने, आठ बारांचा उतारा, पुन्हा आठ बार धून, बारा बारांचा एफ मेजरमधला मधला भाग, आठ बारांची परतलेली धून आणि चार बारांचा शेवट. एकूण ६० बार, म्हणजे ८४ च्या लयीत दोन मिनिटे ५१ सेकंद. साडेचार मिनिटांच्या मूळ रूपापेक्षा हे रूप बरेच आखूड आहे आणि ऐकताना तसे ते भासत नाही.

चारच ट्रॅक

वाद्ये ठरवताना चार ट्रॅकांची मर्यादा घालून घेतली. ही कल्पना जुनी आहे. १९७९ साली टॅस्कॅमने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मुद्रित करणारे पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र आणले, तेव्हापासून कितीतरी जणांनी घरी संगीत केले ते चार ट्रॅकांतच. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तीन ट्रॅकांवर पुढचे वाजवायचे. एकदा उतरवलेल्या वाद्यांचा आपसातला समतोल मग बदलता येत नसे. निर्णय पुढे ढकलण्याची सोयच नव्हती. त्या यंत्रांचा खरखराट परत आणावा असे मला मुळीच वाटत नाही, पण ती सक्ती उपयोगाची होती आणि ती आजही स्वतःवर लादून घेता येते.

प्रत्येक वाद्याला त्याची स्वतंत्र उंची दिली. चेलो सर्वांत खाली, साधारण ७३ ते ११७ हर्ट्झच्या स्वरांत, म्हणजे बेसचे काम तोच करणार आणि बेस गिटार रद्द. साथीची गिटार सहा तारांऐवजी फक्त मधल्या तीन तारांवर, सुमारे १५० ते ३०० च्या दरम्यान, तीन-तीन स्वरांच्या कॉर्डमध्ये. धून मूळ जागेहून वर उचलून ३०० ते ६०० च्या पट्ट्यात, जिथे पातळ तारा मोकळेपणी गातात. पियानोचा डावा हात रद्द आणि उजवा हात ६०० च्या वर, तोही बारामागे दोन-तीन स्वर, जिथे धून श्वास घेते तिथेच. पॅड गेले. इतके केल्यावर पूर्वी जवळजवळ सगळीकडे पाडलेले इक्वलायझरचे खड्डे नाहीसे झाले, कारण तिथे कापायला काही उरलेच नव्हते.

तालवाद्ये पूर्ण काढण्यावर मात्र मतभेद झाला. माझा आग्रह ती काढण्याचा होता. मधल्या भागापासून शेकरचा (खुळखुळ्यासारख्या तालवाद्याचा) एक हलका ट्रॅक असावा, असे वादकांचे म्हणणे होते, कारण एफ मेजरमध्ये शिरताना लय पुढे सरकल्याचा भास त्यांना हवा होता. तो ठेवून ऐकल्यावर त्यांचे म्हणणे बरोबर ठरले. ट्रॅक पाच झाले.

मुद्रण आणि वेळेचा हिशेब

मुद्रणाच्या पातळीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २४ बिटांच्या मुद्रणात आवाजाचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिले तरी काही बिघडत नाही. शून्याच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, जवळ जाऊन एखादा जोरकस फटका फाटण्यापेक्षा ते कधीही बरे. प्रत्येक टेकच्या, म्हणजे सलग मुद्रणाच्या, आधी गिटार पुन्हा जुळवून घ्यावी, कारण आधीच्या टेकच्या तुलनेत तीन-चार सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरकही थरांमध्ये खुपतो.

खरी अडचण वेळेची निघाली. जुन्या मुद्रणात गिटार पियानोच्या किंचित मागे ऐकू यायची आणि वादकांनी तो आपल्या हाताचा दोष मानला होता. संशयाला जागा होती. इंटरफेसच्या आउटपुटमधून निघालेली केबल त्याच्याच इनपुटला जोडली, सॉफ्टवेअरमधून एक टिकटिक वाजवली आणि परत आलेली टिकटिक मुद्रित केली. सॉफ्टवेअरने विलंब आपोआप भरून काढायला हवा होता, पण मुद्रित टिकटिक मूळ जागेच्या सुमारे ४८० नमुने (डिजिटल मुद्रणात आवाजाची घेतलेली मोजमापे) मागे पडलेली दिसली. सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशेबाने हा विलंब जवळपास ११ मिलिसेकंद होतो. एवढा फरक घड्याळात नगण्य, पण दोन टोकदार आवाज एकत्र पडायचे असतील तर तो कानाला ढिलाईसारखा जाणवतो. सॉफ्टवेअरच्या मांडणीत हा आकडा भरला आणि गिटार जागेवर आली. हात निर्दोष होता.

याच जोडीला बफरचा, म्हणजे संगणक आवाज ज्या तुकड्यांत साठवून पुढे पाठवतो त्यांच्या आकाराचा, प्रश्न होता. स्वतःचे वाजवणे सॉफ्टवेअरमधून फिरून ऐकताना बफर १०२४ नमुन्यांचा असेल तर नुसत्या एका बफरचाच विलंब २३ मिलिसेकंद होतो, आणि वादक नकळत त्या उशिराच्या आवाजाशी झगडत वाजवू लागतो. १२८ नमुन्यांवर तोच विलंब तीन मिलिसेकंदांहून कमी. इंटरफेसवरूनच थेट ऐकण्याची सोय वापरली तर हा प्रश्न उरतच नाही. मुद्रण करताना तीच वापरली गेली, आणि मिक्सिंगच्या वेळी बफर पुन्हा मोठा केला.

मिडीवर वाजवलेली वाद्ये उलट दिशेने अडचणीची होती. पियानोचा प्रत्येक स्वर संगणकाने आखीव रेषेवर तंतोतंत बसवलेला होता आणि शेजारी हाताने वाजवलेली गिटार थोडी पुढे-मागे होत होती. या जोडीत गिटार चुकल्यासारखी वाटते, पियानो नाही, हे मोठे गमतीचे. १९८३ पासून रूढ असलेल्या मिडीच्या भाषेत स्वराच्या जोराला १ ते १२७ इतकी श्रेणी आहे, पण मूळ मुद्रणात पियानोचे जवळजवळ सगळे स्वर शंभराच्या आसपास खिळलेले होते. या वेळी पियानो गिटारच्या टेकनंतर, ती ऐकत वाजवला, रेषेकडे निम्म्यानेच ओढला आणि जोर हाताने आला तसा राहू दिला. संगणकातल्या चेलोच्या आधीच मुद्रित केलेल्या नमुन्यांचा आवाज हळू उमलणारा असल्यामुळे त्याचे स्वर रेषेच्या बरेच आधी, सुमारे ७० मिलिसेकंद, सरकवावे लागले; तेव्हा कुठे ते मात्रेवर ऐकू येऊ लागले. चेलोची प्रत्येक ओळ वाजवताना एक हात मॉड्युलेशनच्या चाकावर ठेवून आवाज फुगवत-उतरवत नेला, कारण गज ओढणारा वादक एकसारख्या दाबाने कधीच वाजवत नाही.

मिक्सिंग आणि हाती आलेले

मिक्सिंग एका बैठकीत झाले. धून मध्ये, साथीची गिटार थोडी डावीकडे, पियानो तितकाच उजवीकडे, चेलो मध्ये, शेकर पियानोच्या पलीकडे; सर्वांना मिळून एकच रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा). स्पीकरचा आवाज सहज गप्पा मारता येतील इतका कमी ठेवून धून ऐकू येते का, हे वारंवार तपासले. मोठ्या आवाजात खर्ज आणि तीव्र टोके कानाला अधिक भरीव वाटतात, त्यामुळे मोठ्याने ऐकलेले सगळेच चांगले वाटते.

मूळ मुद्रणात लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारे साधन) लावून आवाज उणे ८ एलयूएफएसपर्यंत (हे जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) चेपलेला होता. संगीत ऐकवणाऱ्या अनेक मोठ्या सेवा उणे १४ च्या आसपास आवाज आणून ठेवतात, म्हणजे चेपून मिळवलेला मोठेपणा तिथे काढून घेतला जातो आणि मागे फक्त चेपलेपणा उरतो. नवे मुद्रण उणे १६ वर राहू दिले. गिटारच्या पहिल्या छेडीचा ठसका त्यात शाबूत आहे.

शेवटच्या चार बारांसाठी मात्र स्वतंत्र टेक घ्यावा लागला, कारण अखेरची कॉर्ड पूर्ण विझेपर्यंत नऊ-दहा सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात लॅपटॉपचा पंखा, खुर्चीची करकर, बाहेरची वर्दळ, सगळे मुद्रणात उतरते. पूर्वी विरत जाणाऱ्या शेवटाखाली हे सर्व झाकले जात होते.

पूर्ण झालेल्या रचनेचा प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत सलग डब्ल्यूएव्ही फाइलच्या रूपात, लय आणि स्वर फाइलच्या नावातच लिहून, वेगळा जपून ठेवला आहे, कारण सॉफ्टवेअरची स्वतःची फाइल काही वर्षांनी उघडेलच याचा भरवसा नसतो आणि त्यातले प्लगइन (वरून जोडलेली वाद्ये आणि साधने) तर त्याहूनही आधी नाहीसे होतात.

त्रुटी उरल्या आहेत. चेलो एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो तिथे नमुन्यांचा सांधा दिसतो, आणि तो लपवण्यासाठी त्या दोन जागी पियानो नेहमीपेक्षा अधिक बोलका ठेवावा लागला. मधला भाग माझ्या मते दोन बारांनी लांबला आहे. एफ मेजरचा उजेड आठव्या बारातच पूर्ण पडतो आणि पुढचे बार परतीच्या वाटेत रेंगाळतात. वादकांना ते रेंगाळणे हवे आहे. त्यांच्या मते त्याशिवाय परतलेली धून परतल्यासारखी वाटणार नाही, आणि त्यांनी ते बारा बार तसेच ठेवले आहेत.